आईबाबांना एवढ्या मोठ्या हॉटेलात अवघडल्यासारखं होईल का?

वाचकाचं पत्र

येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. दोघंही सोलापूरला असतात. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. आई बहात्तरची, तिचे दोन्ही गुडघे दुखतात. लग्नानंतर ते दोघं आठवडाभर मुंबईला आले होते. गिरगावात बाबांच्या मावशीच्या चाळीतल्या खोलीत उतरले होते. गेटवेसमोर काढलेला त्यांचा एक फोटो अजून घरी भिंतीवर आहे, मागे ताज दिसतं.

मी आणि माझ्या भावाने ठरवलंय की त्यांना मुंबईत दोन रात्री एखाद्या उत्तम हॉटेलात ठेवायचं. सगळं मिळून ऐंशी हजार बाजूला काढलेत. भाऊ म्हणतो, बीकेसीतलं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं, नवं फाइव्ह स्टार घेऊ, त्याच्या कार्डावर सवलत मिळते आणि आता मेट्रोही झालीय. वहिनीला कुलाब्यातलं एक छोटं बुटीक हॉटेल आवडलंय, त्याचे फोटो खरंच सुरेख आहेत. माझ्या मनात ताज आहे, पण धीर होत नाही. आई आत्तापासूनच म्हणतेय, ‘मला नाही जमायचं तिथं, सगळे इंग्रजीत बोलणार.’ आणि बाबांना एका रात्रीचं भाडं कळलं तर ते दारातूनच परत फिरतील. काय करू?

– सोलापूरची लेक, मुक्काम पुणे

उत्तर

ताई,

ताजच घ्या. टॉवरमधली, म्हणजे जुन्या घुमटाच्या इमारतीशेजारच्या उंच इमारतीतली, बंदराकडे खिडकी असलेली खोली, दोन्ही रात्री, आणि ती फक्त आईबाबांसाठी. तुम्ही भावंडं मुंबईत कुणा नातेवाइकांकडे उतरा, नाहीतर फोर्टमधल्या एखाद्या साध्या, स्वच्छ हॉटेलात. ऐंशी हजार दोन-तीन खोल्यांत वाटायला गेलात तर सगळ्यांनाच मधलं काहीतरी मिळेल, आणि ज्यांच्यासाठी हा घाट घातला त्यांनाही मधलंच मिळेल. सगळे पैसे एकाच खोलीत घाला.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतेय ते सांगते. मी बरीच वर्षं हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसला काम केलंय. लोक हॉटेल निवडताना फोटो बघतात, स्टार बघतात, सवलत बघतात. पाहुणा दुपारी दोन ते पाच काय करणार, हे फार थोडे जण विचारतात. सकाळी सगळे उत्साहात बाहेर पडतात, रात्री दमून झोपतात. मधले ते तीन तास वयस्कर माणसांचा दिवस तारतात, नाहीतर बुडवतात. आईंना जेवणानंतर पाय लांब करून पडता आलं पाहिजे. बाबांना पेपर घेऊन खिडकीशी बसता आलं पाहिजे. आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचं तर ते प्रवास केल्यासारखं वाटता कामा नये.

या एका कसोटीवर बीकेसी बाद होतं. तिथली नवी हॉटेलं उत्तम आहेत, खोल्या प्रशस्त आहेत, बाथरूम अद्ययावत आहेत. शेजारच्या इमारतीत ज्याची मीटिंग आहे त्याच्यासाठी ती बांधलीयत. तुमच्या आईबाबांची मुंबई मात्र गेटवे, फोर्ट, मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव एवढी आहे, आणि ती बीकेसीपासून बरीच दूर सुरू होते. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत धावतेय आणि मुंबईकरांसाठी ती मोठी सोय झालीय, भावाचं म्हणणं त्या बाबतीत खरं आहे. पण स्टेशनाच्या आत चालायचं, सरकते जिने, मग विधान भवन किंवा हुतात्मा चौकाला वर येऊन गेटवेपर्यंत पुन्हा टॅक्सी. दुखऱ्या गुडघ्यांनी हे एकदा होईल, दिवसातून दोनदा होणार नाही. मग दुपारी खोलीवर परतणं रद्द होतं आणि आई कुठल्या तरी हॉटेलच्या लाकडी खुर्चीत पाय सुजवत बसून राहतात. कार्डावरची सवलत भावाला पुढे कधी कामासाठी वापरता येईल.

वहिनींच्या निवडीबद्दल मात्र मला आदर आहे. कुलाब्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कितीतरी सुंदर इमारती आहेत, आणि त्यांतल्या काहींमध्ये अशी छोटी हॉटेलं निघालीयत. रीगल सिनेमाजवळच्या १९१० सालच्या लॅन्सडाउन हाउसमधलं ‘अबोड’ हे त्यांतलं एक नावाजलेलं. उंच छत, जुन्या रंगीत फरश्या, सागवानी कपाटं, मोजक्या खोल्या. अशा ठिकाणी दुसऱ्या दिवशी तुमची चहाची आवड लक्षात ठेवलेली असते, आणि मोठ्या हॉटेलात पैसे टाकूनही न मिळणारा निवांतपणा मिळतो. तुम्ही आणि तुमचे यजमान स्वतःसाठी दोन दिवस शोधत असता तर मी बिनदिक्कत बुटीक हॉटेल घ्या म्हटलं असतं.

आईंच्या गुडघ्यांसाठी मात्र मन धजत नाही. जुन्या इमारतीत लिफ्टपर्यंत पोचायलाच पाच-सहा पायऱ्या असू शकतात. लिफ्ट एकच असते, ती बंद पडली तर जिना. स्वयंपाकघर रात्री बंद होतं, मग दोन वाजता बाबांना ॲसिडिटी झाली तर गार दूध कुणाकडे मागायचं? छोट्या हॉटेलात रात्री हाताशी माणसं कमी असतात, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांचा आवाकाच तेवढा. वहिनींना हे बाहेरून ऐकू आलं तर वाईट वाटेल, म्हणून तुम्हीच नीट सांगा आणि त्यांच्याकडे दुसरं एक काम द्या. ते पुढे येतंच आहे.

आता ताज. बाबा बांधकाम खात्यातले, म्हणून आधी इमारतीबद्दल. जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ला उघडलं, म्हणजे तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आसपासच त्याचाही वाढदिवस असतो. गेटवे त्याच्यानंतरचा, तो पुरा झाला १९२४मध्ये. हॉटेलाचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते तडीला नेलं. इमारत उलटी बांधली गेली आणि त्या धक्क्याने वास्तुविशारदाने जीव दिला, ही गोष्ट मुंबईत अजून सांगतात. ती खरी नाही. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता, कारण गाड्या शहरातून यायच्या. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. मधल्या घुमटाखालचा तो दगडी जिना, खालून आधार न दिसता वर चढत जाणारा, बाबांना डोळे भरून बघू द्या. हॉटेलात राहणाऱ्या पाहुण्यांना जुनी इमारत फिरून दाखवण्याची सोय असते, तिची वेळ बुकिंग करतानाच विचारून ठेवा. माझा अंदाज आहे की त्या फेरीनंतर बाबा भाड्याचं जरा कमी बोलतील.

टॉवर का आणि जुना पॅलेस, म्हणजे घुमटाची मूळ इमारत, का नाही? पॅलेसच्या खोल्यांची शान वेगळी, भाडंही वेगळं. त्या बजेटात पॅलेसमध्ये कदाचित एकच रात्र बसेल, आणि एका रात्रीत वयस्कर माणसं नव्या जागेला रुळत नाहीत. पहिली रात्र स्विच कुठलं कुठे आहे हे शोधण्यात जाते, सुख लागतं ते दुसऱ्या रात्री. शिवाय टॉवर उभा राहिला १९७३मध्ये. तुमचे आईबाबा गेटवेसमोर फोटोला उभे राहिले तेव्हा तो नवाकोरा होता. भिंतीवरच्या फोटोत घुमटाच्या शेजारी बघा, दिसायला हवा.

बंदराकडची खिडकी मागण्याचं कारण अगदी साधं आहे. मुंबईत समुद्र दोन बाजूंनी दिसतो. मरीन ड्राइव्हचा समुद्र पश्चिमेला, तिथे सूर्यास्त बघायचा. नरिमन पॉइंटचं ओबेरॉय आणि त्याला लागून असलेलं ट्रायडंट त्यासाठी अप्रतिम आहेत, आणि ताज मिळालं नाही तर माझी दुसरी पसंती तीच. ताज जिथे उभं आहे ते अपोलो बंदर पूर्वेला तोंड करून आहे. तिथे सूर्य उगवतो. तुमचे आईबाबा पाचला उठत असणार. पडदा बाजूला केला की समोर बोटींचे दिवे, मग हळूहळू उजाडणारं पाणी, एलिफंटाकडे निघायच्या तयारीतल्या लाँच, आणि खाली गेटवेपाशी गर्दी व्हायच्या आतली मोकळी जागा. नाश्ता सुरू व्हायच्या आधीचे ते दोन तास त्यांचे खिडकीतच जातील.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा, कारण संकेतस्थळावर मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा आणि शेवटचं बिल यांत बरंच अंतर असतं. सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलात की १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ला पडते आणि ८,००० रुपयांची ९,४४०ला. तुम्ही स्वतःसाठी फोर्टमध्ये खोली बघाल तेव्हा हे नक्की ध्यानात ठेवा. ताजच्या खोलीला समजा २५,००० भाव मिळाला, तर करासकट २९,५००, दोन रात्रींचे ५९,०००. उरलेल्या एकवीस हजारांत गाड्या, जेवणं, वाढदिवसाचा चहा बसतो. अशा मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावरही १८ टक्के कर लागतो, बाहेरच्या नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये ५. म्हणून नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरून घ्या आणि दुपारची जेवणं बाहेर करा. एक दुपार गिरगावात काढा, मावशींची चाळ उभी असेल नसेल, ती गल्ली तर बघून होईल.

डिसेंबर हा मुंबईच्या हॉटेलांचा महाग महिना, त्यात लग्नसराई. विसाव्या तारखेनंतर भाव आणखी चढतात, तुम्ही त्याच्या आधी आहात हे बरं. लग्नाची तारीख नेमकी धरून बसू नका. शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार-सोमवारची रात्र घेतलीत तर बहुतेक वेळा भाडं उतरतं आणि लॉबीतली गर्दीही. हॉटेलाचं स्वतःचं संकेतस्थळ, एखादं बुकिंग ॲप आणि थेट फोन, तिन्हीकडे त्याच तारखांचा करासकट भाव बघा. पण ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशा अटीवरचा स्वस्त भाव घेऊ नका. सत्त्याहत्तर आणि बहात्तर वयाला सर्दी-तापही कार्यक्रम पुढे ढकलू शकतो. आणि भाव खरोखरच हाताबाहेर गेला तर दोनाऐवजी एक रात्र घ्या, हॉटेल बदलू नका.

आता फोन. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि ताजऐवजी दुसरं कुठलंही हॉटेल घेतलंत तरी हा फोन कराच. मध्यवर्ती क्रमांकावर बुकिंग झालं तरी नंतर हॉटेलच्याच रिझर्व्हेशनला फोन लावा आणि सांगा, ‘माझ्या आईचे गुडघे दुखतात. बाथरूममध्ये टब आहे की वेगळा शॉवर? टबात उभं राहून आंघोळ करावी लागेल का?’ एवढं विचारा आणि ऐका. ‘मॅडम, आमच्या सगळ्याच रूम छान आहेत’ असं उत्तर आलं तर समजा की त्या माणसाने तुमचा प्रश्न ऐकलाच नाही. ‘एक मिनिट थांबा, हाउसकीपिंगला विचारून सांगतो, आणि तुम्हाला मेलही करतो’ असं म्हणून ज्याचा मेल खरंच संध्याकाळपर्यंत येतो, ते हॉटेल चांगलं. झुंबरं, संगमरवर, ताज्या फुलांची सजावट विकत घेता येते. अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांची काळजी फोनवर करणारी माणसं घडवायला हॉटेलाची वर्षं जातात. माझ्या लेखी घरंदाज हॉटेल ते हेच.

टबाबद्दल एवढा आग्रह धरतेय, कारण अपघात तिथेच होतात. टबाची कड गुडघ्याएवढी उंच, आत ओला गुळगुळीत तळ, आणि एका पायावर तोल सांभाळत आत उतरायचं. घरी बादली-तांब्याने, स्टुलावर बसून आंघोळ करणाऱ्या बाईला हे भलतंच अवघड जातं, आणि लाजेने त्या कुणाला सांगतही नाहीत, आंघोळ उरकून घेतात. चालत आत जाता येईल असा वेगळा शॉवर, भिंतीला धरायचा दांडा, आत बसायला स्टूल आणि पायाखाली रबरी मॅट, या चार गोष्टी मेलमध्ये लिहून मागा. संडासात जेट स्प्रे आहे का तेही विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण दोन दिवस अडचण सोसण्यापेक्षा तो संकोच परवडला. खोली लिफ्टपासून जवळ द्या म्हणावं, कारण मोठ्या हॉटेलांचे कॉरिडॉर लांबलचक असतात. त्या तारखांना हॉटेलात मोठं लग्न आहे का, शेजारी कुठे खोदकाम चालू आहे का, हेही विचारून घ्या. हे सगळं सांगताना पन्नासाव्या वाढदिवसाचा उल्लेख आवर्जून करा. हॉटेलवाले केक पाठवतील. तो बिनअंड्याचा हवा असेल तर तेही आधीच सांगा.

गाडीचंही ठरवताना घाई करू नका. सोलापूरकरांना रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसची सवय. ती सकाळी लवकर मुंबईत सोडते आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोनला, कुठे तीनला. म्हणजे रात्रभर नीट न झोपलेली दोन माणसं सकाळी सातपासून लॉबीच्या सोफ्यावर पिशव्या घेऊन बसणार. पहिलीच ओळख अशी झाली की आईंचं अवघडलेपण तिथेच पक्कं होतं. त्यापेक्षा वंदे भारतने आणा. ती सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघून साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं तारखा ठरवताना बघा. स्टेशनबाहेर जेवण, मग टॅक्सीने ताज, तोवर खोली तयार. स्टेशनावर तुम्ही स्वतः घ्यायला जा, हॉटेलची गाडी नको, ती महाग असते आणि लेक समोर दिसली की बाकी कशाची गरज उरत नाही.

दारात सामानाची तपासणी होईल, पिशव्या मशीनमधून जातील. २६ नोव्हेंबर २००८नंतर मुंबईतल्या सगळ्याच मोठ्या हॉटेलांत ही पद्धत आहे. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर या वयात अपमान झाल्यासारखा वाटतो. लॉबीत त्या हल्ल्यात गेलेल्यांचं स्मारक आहे. आई थांबून हात जोडतील, जोडू द्या. दोघांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवायला सांगा, फोनमधला फोटो चालेलच असं नाही.

आता आईंची धास्ती. ‘सगळे इंग्रजीत बोलणार.’ ताई, मुंबईतल्या हॉटेलांत सामान वर नेणारा, खोली आवरणारी, टॅक्सी बोलावणारा, यांच्यात मराठी बोलणारी माणसं भरपूर असतात. काउंटरवरचं पहिलं वाक्य इंग्रजीत येईल, ती त्यांची रीत आहे. आईंनी मराठीत उत्तर दिलं की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी मराठी बोलणारा पुढे येतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की तुम्हाला खात्रीने सांगू शकते. हॉटेलातल्या पोरांना आपल्या आईच्या वयाची, काठापदराचं लुगडं नेसलेली पाहुणी आली की मनापासून आनंद होतो. आईंनी त्यांची ठेवणीतली इरकल किंवा पैठणी नेसून यावं. बाबांना बुटांची सवय नसेल तर रेस्टॉरंटमध्ये पुरुषांच्या सँडल चालतात का एवढं विचारून ठेवा, म्हणजे दारात कुणी काही बोलायचा प्रसंगच नको.

खोलीत पोचलात की तुम्ही पंधरा मिनिटं त्यांच्याबरोबर थांबा आणि सगळं हाताने दाखवा. दिवे कुठून बंद होतात (कार्ड काढलं की एसीही बंद पडतो हे कळेपर्यंत बाबा फोनवर फोन करतील), गरम पाणी कुठल्या बाजूला, फोनवर कुठला आकडा दाबायचा. आई सकाळी उदबत्ती लावत असतील तर त्यांना सांगा की छताला धुराचा अलार्म असतो. दोन दिवस बिनधुराची पूजा, देव समजून घेतो. खोलीतली चहाची किटली दाखवा, पण पाकिटातली दूधभुकटी त्यांना रुचणार नाही. रात्रीच हाउसकीपिंगला सांगून पहाटेसाठी ताज्या दुधाचा छोटा जग मागवून फ्रिजमध्ये ठेवा. आणि मिनीबारमधलं सामान आधीच काढून न्यायला सांगा. हे कुठल्याही हॉटेलात सांगता येतं. तिथल्या काजूच्या पाकिटाची किंमत वाचून बाबांची झोप उडायला नको.

आणि आता बाबा. खोलीचं आणि हॉटेलातल्या खाण्याचं बिल तुमच्या कार्डावर घ्यायची लेखी परवानगी हॉटेलला आधीच पाठवा. येताना काउंटरवर सही करायचा जो कागद देतात त्यावर भाडं छापलेलं असू शकतं. ‘पाहुण्यांना भाडं दिसू नये’ असं बुकिंगच्या वेळीच नोंदवून घ्या. भेट म्हणून खोल्या घेणारे पुष्कळ असतात, हॉटेलला यात नवीन काही नाही. चेक-इनला तुमच्या कार्डावर थोडी जास्त रक्कम अडकवून ठेवतात, ती नंतर सुटते, तेवढी जागा कार्डावर ठेवा. रोख देण्याच्या भानगडीत पडू नका, मोठी रक्कम रोख दिली तर पॅन लागतो.

एवढं करूनही बाबा विचारणार. खोटं सांगू नका. पीडब्ल्यूडीत आयुष्यभर एस्टिमेटं तपासलेल्या माणसाला खोटा आकडा लगेच कळतो, आणि मग वाढदिवसाची गोडी जाऊन ‘माझ्याशी खोटं बोललात’ एवढंच उरतं. विचारलंच तर सांगा, ‘बाबा, आम्ही दोघांनी मिळून केलंय, कर्ज काढलेलं नाही, परत गेल्यावर आकडा सांगते.’ आणि परत गेल्यावर खरंच सांगा. त्यांच्या पिढीने मुलांसाठी खर्च करताना कधी हिशेब दाखवला नाही. स्वतःवर कुणी खर्च केलेला मात्र त्यांना सोसत नाही. ते रागावतील ते क्षणभर, त्या रागाला घाबरून तुम्ही खालची खोली घेऊ नका. आनंदाने ओझं वाहणाऱ्या मुलांना बघण्याचा त्यांचाही हक्क आहे.

वहिनींसाठी राखलेलं काम असं. मुक्कामातल्या एका दिवशी दुपारी चारला ताजच्या पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंज या चहाच्या दालनात खिडकीशेजारचं टेबल, सगळ्या कुटुंबासाठी. हे टेबल आयत्या वेळी मिळत नाही, तारीख पक्की झाली की लगेच राखून ठेवावं लागतं. मुंबईतल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली पहिल्यांदा एकमेकांना बघायला याच खोलीत भेटली, चहाच्या कपांआड. सहा-सात जणांचा तिथला चहा स्वस्त पडत नाही, म्हणून माणशी किती येईल ते आधी विचारून एकवीस हजारांतून वेगळे काढून ठेवा. वहिनींची नजर चांगली आहे हे त्यांनी निवडलेल्या हॉटेलावरूनच कळतं. फुलं, टेबल, त्या जुन्या फोटोची मोठी प्रत, हे सगळं त्यांच्यावर सोपवा आणि मध्ये बोलू नका. मेनूकार्ड बाबांच्या हातात द्यायचं नाही, काय आणायचं ते आधीच सांगून ठेवायचं, एवढी एकच सूचना करा.

बिलात सर्व्हिस चार्ज धरलेला दिसला तर काढायला सांगता येतो. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्येच तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. त्याऐवजी ज्यांनी आईंना हात दिला, खोली आवरली, त्यांच्या हातात तुम्ही स्वतः पाकीट द्या. किती द्यायचं हे तुमच्या मनावर, पण बाबांना खिशात सुट्टे शोधायला लावू नका.

परतीच्या दिवशी बाराला खोली सोडावी लागेल आणि वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी चारनंतर निघते. सामान खाली बेल डेस्कला, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या काउंटरवर, ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत. मधले चार तास आईंना बाजारात फिरवू नका. खोली एक-दोन तास उशिरा सोडली तर चालेल का, हे आदल्या रात्री विचारा, सकाळी नको. रात्रीच सांगितलं तर हाउसकीपिंगला दुसऱ्या दिवशीच्या खोल्या आवरायचा क्रम बदलता येतो, आणि पन्नासाव्या वाढदिवसाचं जोडपं म्हटल्यावर बहुतेक वेळा हो म्हणतात.